आबांचं पाऊल

माझं पाऊल म्हणजे माझ्या बापाचं पाऊल. हे मी आयुष्यभर सगळ्यांना सुनावत आले. ज्याला खोटं वाटेल त्याने दोरी घेऊन मोजावं, असंही वर म्हणायचे. कुणी मोजलं नाही. एकाने जरी माझं तोंड बंद करायला म्हणून मोजलं असतं, तरी आज माझ्यावर ही रडकथा सांगायची वेळ आली नसती.

माझे वडील, आबा, एका जुन्या इस्टेटीवर चरवाले होते. चरवाले म्हणजे काय ते आता कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सांगते. ही इस्टेट दोनशे वर्षांपूर्वी निव्वळ दलदल होती. मालकांच्या पणजोबांनी कमरेइतक्या खोल चरी खणून घेतल्या, तळाला भाजक्या मातीच्या हातभर लांबीच्या नळ्या एकीला एक लावून ठेवल्या, आणि वरून माती लोटली. वर गहू, खाली पाणी. शेतांखालच्या सगळ्या धाकट्या चरी एका थोरल्या चरीला मिळतात आणि थोरली जाऊन नदीला मिळते. तिच्या तोंडाशी एक लोखंडी झडप आहे. कुठे नळी फुटली, कुठे मूळ घुसलं, की शेतात डबकं साचतं. मग चरवाल्याने जायचं, नेमकं तिथेच खणायचं, नळी बदलायची.

नेमकं तिथेच म्हणजे कुठे? तर ते आबांच्या डोक्यात. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नाही. "कागद मालकाच्या कपाटात जातो, डोकं आपल्या धडावर राहतं," म्हणायचे. सगळा हिशेब पावलांचा. फाटकापासून बेचाळीस, तिथून डावीकडे अकरा. दादा माझा थोरला भाऊ, पण त्याचे डोळे लहानपणापासून अधू, म्हणून तो गेला गोठ्यात आणि मी आले चरीवर. सोळाव्या वर्षी आबांनी माझ्या दोन घोट्यांना त्यांच्या पावलाच्या मापाची दोरी बांधली आणि महिनाभर मला तशीच चालवली. दोरी ताणली गेली पाहिजे, पण तुटता कामा नये. पोरी हसायच्या, घोडीला शिकवतायत म्हणून. महिन्याने दोरी सोडली, तरी पाऊल तेच पडायचं. ती दोरी दादाच्या घरात दारामागच्या खुंटीला कायम लटकलेली असायची.

तर अशी मी, चौसष्ट वर्षांची, गावात तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहणारी, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. इस्टेटीवरची शेती तोवर बंद पडलेली. धाकटे मालक निपुत्रिक वारले आणि जाताना सगळी जमीन एका संस्थेला देऊन गेले. संस्थेने तिथे एक डॉक्टरबाई आणून बसवल्या. इंजेक्शन देणाऱ्या नव्हेत, पक्ष्यांच्या डॉक्टर. एक दिवस त्या माझ्या खोलीचे तीन जिने चढून आल्या आणि धापा टाकत स्टुलावर बसल्या.

"मावशी, आम्हाला जमीन तिची तिला परत द्यायची आहे," त्या म्हणाल्या.

"तिने मागितली का?"

त्या हसल्या. माणूस वाईट नव्हता, हे मी आत्ताच सांगून टाकते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी जुना नकाशा पसरला. चरींना जागोजागी बूच मारायचं, म्हणजे दोन पावलांइतक्या नळ्या काढून तिथे चिकणमाती ठासायची. पाणी वर येईल, दलदल परत होईल, बेडूक, मासे, वेत येतील, आणि दोनशे वर्षांपूर्वी इथून उठून गेलेले करकोचे परत येतील. पण नकाशात निम्म्या चरीच नव्हत्या.

"असतील कशा?" मी म्हणाले. "नकाशा काढणारा खुर्चीवर बसून होता. चालणारे आम्ही."

"म्हणूनच तुमच्याकडे आले. तुम्ही दाखवाल का?"

बापाने जन्मभर सांभाळलेलं लेकीने फोडून द्यायचं. पहिल्यांदा वाटलं, हिला आल्या जिन्याने खाली पाठवावी. पण मग दादा डोळ्यांपुढे आला आणि मी हो म्हणाले. का, ते सांगते.

दादा अजून इस्टेटीवरच राहत होता, नदीजवळच्या खालच्या घरात. आम्ही दोघं तिथेच जन्मलो. त्याने लग्न केलं नाही, सत्तर वर्षांत कुठे परगावी मुक्काम केला नाही, आणि आता त्याचे डोळे जवळजवळ गेलेच होते. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. पण त्या घरात त्याला बघा! चुलीवरचा चहा न सांडता कपात ओतायचा, विहिरीवरून बादली आणायचा, आणि माझ्यावरच ओरडायचा, "खुर्ची का हलवलीस गं, भवाने?" धाकट्या मालकांनी मरताना लिहून ठेवलं होतं की घर राहण्याजोगं आहे तोवर त्याला तिथून कुणी हलवू नये. राहण्याजोगं आहे तोवर. घर कच्च्या विटांचं होतं. पायाला पाणी लागलं की संपलं. आणि त्या घराबाहेर दादा म्हणजे चार भिंतीत चाचपडणारा एक म्हातारा, दुसरं काही नाही. मला त्याला शेवटपर्यंत तिथे ठेवायचं होतं. बास. करकोचे येवोत नाहीतर खड्ड्यात जावोत.

आता खरी गोम ऐका. त्या घराखाली एक चोरटी चर होती.

मी लहान असताना दर हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीतून पाणी यायचं. आई खोकून खोकून बेजार. नकाशात घराच्या पाण्याला एक उघडा नाला दाखवलाय, थेट नदीत जाणारा, पण तो तेव्हाच गाळाने भरला होता. आबांनी मालकांकडे नळ्या मागितल्या. मालक म्हणाले, नळ्या शेतासाठी आहेत, नोकरांच्या घरासाठी नाहीत. आधीच्या चरवाल्याला चार नळ्या नेल्या म्हणून बायकापोरांसकट हाकललं होतं. मग आबांनी काय करावं? जाताना पिशवीत जेवण, येताना पिशवीत एक नळी. रोज एक. सव्वादोनशे दिवस. सुट्टीच्या दिवशी भाजीचे वाफे खणतोय असं दाखवत त्यांनी स्वयंपाकघरापासून थोरल्या चरीपर्यंत नळ्या पुरल्या आणि तिला गुपचूप जोडून दिल्या. फरशी वाळली. आईचा खोकला गेला.

आणि गंमत म्हणजे, आबा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी समारंभ करून त्यांना पितळी पाटी दिली. चाळीस वर्षांची प्रामाणिक सेवा. आई हसता हसता खाली बसली. आबांनी ती पाटी स्वयंपाकघरात लावली, बरोबर त्या चोरट्या नळीच्या वर, आणि रोज पुसत राहिले. आबा गेल्यावर दादा पुसायला लागला. त्याला ती दिसत नव्हती, पण अक्षरांवरून बोट फिरवायचा.

मी काम घेतलंय म्हटल्यावर त्याने पहिली गोष्ट हीच विचारली.

"नळीचं कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मी काय वेडी आहे?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. आबा चोर ठरता कामा नयेत. शपथ घे."

मी घेतली. आणि मला पटलंही होतं. दुसऱ्या कुणाला दाखवायला लावलं असतं तर त्याने डोळे झाकून घराच्या उरावर बूच मारलं असतं. मी असल्यावर मी गुपचूप सांभाळून घेईन. चोरट्या चरीची गाठ, म्हणजे ती थोरलीला मिळते ती जागा, मला पाठ होती. नदीच्या झडपेपासून थोरल्या चरीवर वर चालत यायचं, दोनशे पावलं. तिथे गाठ. बूच त्या गाठीच्या वर मारलं की झालं. वरची जमीन भिजेल, आणि घराचं पाणी नेहमीसारखं बुचाच्या खालून नदीला जाईल. कुणाला काही सांगायची गरजच नाही.

दीड महिना मी चालले. हातात सळई, मागे डॉक्टरबाई लाल झेंड्यांची जुडी घेऊन, आणि त्यांच्या मागे खोदायचं मशीन चालवणारा एक टवाळ माणूस. मी पावलं मोजायची, थांबायची, सळई खुपसायची. खाली नळी असली की सळई खणकन वाजते. तो आवाज पंचवीस वर्षांनी ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. आख्ख्या इस्टेटीवर माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

फक्त एक व्हायचं. मी मोजून थांबायचे तिथे सळई वाजायची नाही. जरा पुढे वाजायची. शंभर पावलांची मोजणी असली की नऊ-दहा पावलं पुढे, पन्नासची असली की चार-पाच.

"जमीन सरकलीय," मी म्हणायचे.

"जमीन सरकलीय की मावशी आटल्यात?" मशीनवाला विचारायचा.

"तू तुझं मशीन सांभाळ. तुझ्या जन्माआधीपासून चालतेय मी इथे."

डॉक्टरबाई एकदा हळूच म्हणाल्या, "मावशी, टेप आणू का?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुन्हा त्यांनी टेपचं नाव काढलं नाही. चुकत होतं ते सळई सुधारून देत होती, झेंडा बरोबर जागी लागत होता, मग बिघडलं कुठे? माझी अक्कल गुडघ्यात आहे असं आई म्हणायची. खरंच गुडघ्यात असती तर तिथल्या तिथे कळलं तरी असतं.

शेवटी थोरल्या चरीचा दिवस आला. डॉक्टरबाईंना बूच जितकं खाली जमेल तितकं खाली हवं होतं. एकेक पाऊल खाली म्हणजे तेवढी जास्त दलदल.

"खालच्या घराला धोका नाही ना?" त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "त्याचं पाणी ह्या नाल्याने जातं. बरोबर?"

हा प्रश्न त्यांनी विचारला होता. मी हे विसरत नाही. त्यांनी स्वतःहून विचारलं होतं.

"बरोबर," मी म्हणाले.

मग झडपेपासून वर निघाले. मनात ठरवलं होतं, दोनशेवर गाठ, वर दहा पावलं जास्तीची, दोनशे दहाला बूच. चालताना गुडघा ठणकत होता, पण पाऊल आखडतंय असं मला एकदाही वाटलं नाही. दोनशे दहा. सळई खुपसली, खणकन वाजली. वाजणारच, थोरली चर खालून सलग गेलेली. गाठ पुढे राहिली की मागे, हे सळई कुठून सांगणार?

"इथेच," मी म्हणाले. "ह्याच्या खाली एक पाऊल नाही. खाली वाळू आहे, बूच धरणार नाही."

वाळूबिळू काही नव्हती. मशीनवाल्याने खणलं, नळ्या काढल्या, चिकणमाती ठासली. मी दादाला जाऊन सांगितलं, झालं काम, तुझं घर सुखरूप. त्याने मला चहा करून दिला.

पाऊस लागला तशी वरची शेतं हळूहळू चमकायला लागली. दोन महिन्यांत गव्हाच्या जागी पाणी. डॉक्टरबाई गुडघाभर बूट घालून लहान पोरीसारख्या हिंडत होत्या. बदकं आली, कसले कसले किडे आले. आणि थंडी सरता सरता करकोच्यांची एक जोडी उतरली. डॉक्टरबाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. जोडीने घरटं बांधायला घेतलं, ते नेमकं बुचावरच्या मातीच्या उंचवट्यावर. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणाचं तरी भलं झालं.

दर आठवड्याला मी दादाकडे जायचे, पण त्या थंडीत गुडघ्याने अंथरुणाला खिळवलं आणि महिना-दीड महिना जाणं झालं नाही. फोनवर तो "मजेत आहे" म्हणायचा. वसंताच्या सुरुवातीला गेले तर दार आतून बंद.

"कोण आहे?"

"मी."

"एकटीच आहेस?"

दार उघडलं आणि वास आला. ओल्या मातीचा, कुबट. दादाच्या हातात पोछा होता, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, पाय पांढरेफटक. स्वयंपाकघरात टाचा बुडतील एवढं पाणी होतं. स्वच्छ, थंड. पाटीखालच्या कोपऱ्यातून बुडबुडत वर येत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड महिना. रोज पुसतो. सकाळी वीस बादल्या, दुपारी वीस. रात्री जरा वाढतं."

"दादा, अरे मला सांगायचं ना!"

"फोनवर? सगळे ऐकतात. आणि सांगून काय? संस्थेची माणसं येतील, कुठून येतंय बघतील, खणतील. आबांच्या नळ्या सापडतील. नळ्यांवर मालकांच्या भट्टीचा शिक्का आहे." त्याने पोछा पिळला. "आणि घर ओलं आहे म्हणून मला काढतील. बोंब मारायची नाही. पाऊस थांबला की उतरेल."

मी मूर्ख. मी त्याचं ऐकलं. दोघांनी मिळून नळीच्या तोंडात जुन्या चादरी कोंबल्या, वर चिकणमाती दाबली, वर आईचा पाटा ठेवला. दोन दिवस पाणी थांबलं. तिसऱ्या दिवशी भिंतीखालून यायला लागलं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा. पंधरा दिवसांत स्वयंपाकघराची मागची भिंत पोटातून फुगली आणि एका सकाळी भांड्यांच्या फळीसकट खाली बसली. दादा तेव्हा विहिरीवर होता, म्हणून वाचला.

भिंत पडलेली लपवता येत नाही. डॉक्टरबाई आल्या, तपासणीचा अधिकारी आला, त्याने पायाच्या विटेत पेन्सिल खुपसली तर ती आत बुडाली. कागदावर लिहिलं, राहण्याजोगं नाही. पाणी कुठून आलं हे त्यांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "नदी वाढली असेल." मी जमिनीकडे बघत राहिले. डॉक्टरबाईंनी दादाचा हात धरला आणि म्हणाल्या, "माझं चुकलं, दादा. आमच्या पाण्याने झालं असणार. मला कळत नाही कसं." त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आणि मी तोंड उघडलं नाही.

सामान काढायला मीच गेले. होतं तरी किती? कपडे, किटली, दोन खुर्च्या, पाटी. शेवटी दारामागे हात घातला तर हाताला ती दोरी लागली. कडक झालेली, पण शाबूत. का कुणास ठाऊक, मी बाहेर दगडावर बसले आणि ती घोट्यांना बांधली. उभी राहिले, चालायला लागले.

दोरी ताणलीच जाईना.

मी जोर लावून पाऊल टाकलं. गुडघ्यातून कळ डोक्यात गेली, तेव्हा कुठे दोरी ताणली. साधं चाललं की सैल. खाली वाकून बघितलं, चार बोटं सैल. दर पावलाला चार बोटं कमी. मी तिथेच चिखलात बसले आणि बोटांवर हिशेब केला. माझी दोनशे दहा म्हणजे आबांची एकशे नव्वद. बूच गाठीच्या वर नाही, दहा पावलं खाली बसलं होतं. अडलेलं सगळं पाणी मी स्वतःच्या हाताने, झेंडा लावून, चोरट्या नळीतून भावाच्या स्वयंपाकघरात सोडलं होतं. आणि दीड महिना दर खेपेला सळई खणखणून मला तेच सांगत होती.

मी तशीच उठून डॉक्टरबाईंकडे गेले. त्या खिडकीजवळ दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पिशवी, सव्वादोनशे नळ्या, पाटी, शपथ, दोरी. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बूच काढा. वीस पावलं वर घ्या. पाणी उतरेल, भिंत मी बांधून घेते."

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मावशी, बुचावर घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत मला तिथे कुदळ लावता येत नाही, कायदा आहे. आणि चार महिन्यांनी काढलं तरी… पाया विरघळलाय हो. ते घर आता उभं राहणार नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. खरं म्हणजे माहीत नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आबा चोर ठरले असते."

"कुणासाठी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मालक मेले, त्यांची मुलंबाळं नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीच्या मातीच्या नळ्यांचं कुणाला काय पडलंय, मावशी? तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर मी घराची नळी वेगळी काढून थेट नदीत सोडली असती. दोन दिवसांचं काम होतं."

दोन दिवसांचं काम. ते तीन शब्द घेऊन मी तीन जिने चढून घरी आले आणि दिवा न लावता बसले. रडू आलं नाही. राग आला. कुणावर करायचा तेच कळेना. आबांवर, दादावर, त्या टवाळ मशीनवाल्यावर, ज्याने गमतीत खरं सांगितलं होतं. फिरून फिरून तो माझ्याच उरावर येऊन बसायचा.

करकोच्यांचं सांगायचं राहिलं. मादी ठरलेल्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्त अंड्यांवर बसून राहिली. मग एका सकाळी दोघंही उडून गेली. दोन अंडी, दोन्ही पोचट. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी होतं असं, पुढच्या वर्षी येतील. आले नाहीत. बांधावरचे जुने अक्रोड मात्र पाण्यात उभे राहून मेले. संस्थेने बूच हलवलं नाही. आता हलवायचं तरी कुणासाठी?

दादाला वृद्धाश्रमात जागा मिळाली. माझी एक खोली, तीन जिने, संडास गॅलरीच्या टोकाला. आंधळ्याला तिथे कसं आणणार? आणलं असतं, असं रोज सकाळी वाटतं आणि रोज जिना उतरताना कळतं की नाही. आश्रमात सहा खाटांची खोली आहे. त्याची भिंतीकडची. पहिल्या महिन्यात तो दोनदा पडला. त्यानंतर तो उठेनासा झाला. जेवण खाटेवर, सगळंच खाटेवर. वीस बादल्या पाणी उपसणारा माणूस.

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा उशीखाली हात घालून पाटीवरून बोट फिरवत पडला होता. माझी चाहूल लागली तसा उठून बसला, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरतोय ना, हे कान देऊन ऐकलं.

"एक विचारू? खरं सांग. नळीचं कुणाला बोलली नाहीस ना?"

मी पाटीकडे बघितलं. एक कोपरा हिरवा पडला होता.

"नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. कितीतरी दिवसांनी तो हसला. "शाबास. घर गेलं ते गेलं. नदीपुढे कुणाचं चालतं? पण आबांचं नाव राहिलं. तू होतीस म्हणून राहिलं." त्याने माझा हात चाचपून धरला. "तू दुसऱ्या कुणाला ते बूच मारू दिलं असतंस तर सगळं बाहेर आलं असतं."

मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"आता एक काम कर," तो म्हणाला. त्याने पाय खाटेखाली सोडले, चपला शोधल्या. "मला इथला अंदाज येत नाही. इथल्या बाया मोजतात, पण प्रत्येकीचं पाऊल वेगळं. तू मोज. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून संडासापर्यंत. एकदा तू आकडा दिलास की मी डोळे मिटून जाईन. तुझं पाऊल म्हणजे आबांचं पाऊल."

तो उभा राहिला, एक हात खाटेच्या दांड्यावर, मान माझ्याकडे वळवून, माझ्या आकड्याची वाट बघत. समोर दार होतं. दहा-बारा पावलं असतील, जास्त नाही. माझा पाय उचलेना.

"तूच मोज, दादा," मी म्हणाले. "मला नाही मोजता येत."

"चल, काहीतरीच!" तो हसला. "मोज म्हणतो ना."